नळदुर्गचे नर-मादी पाहायला जाताय? मग नुसतं पाणीमहालात उतरून परत फिरू नका

माळरान (सोलापूर):
बोरी धरण भरल्याची बातमी आली की रविवारी सकाळी आपल्याकडच्या गाड्या हैदराबाद रोडला लागतात. नळदुर्ग गाठायचं, पाणीमहालात उतरायचं, फोटो काढायचे, गरम भजी खायची आणि जेवायला घरी. मी लहानपणापासून तिथे जातेय. मला मनापासून वाटतं की एवढंच पाहून परतणाऱ्याला नर-मादी, म्हणजे किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरचे जोड धबधबे, निम्मेही कळत नाहीत. म्हणून हा धागा काढला.

आधी पाण्याचं सांगते, कारण दरवर्षी यावरून लोकांची फेरी वाया जाते. नळदुर्गला पाऊस पडला म्हणजे धबधबा सुरू झाला असं होत नाही. किल्ल्याच्या वरच्या अंगाला बोरी नदीवर धरण आहे. आधी ते भरतं, मग सांडव्यावरून पाणी खाली येतं, किल्ल्यातल्या जुन्या बंधाऱ्यामागे साठतं आणि बंधारा काठोकाठ भरला की मग नर आणि मादी या दोन्ही सांडव्यांतून कोसळू लागतं. आपल्या भागातला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. घाटावरचे धबधबे जुलै-ऑगस्टमध्ये ऐन भरात असतात आणि त्यांचा जोर ओसरायला लागतो तेव्हा आपला सुरू होतो, कधी कधी तर दसऱ्याच्या आगेमागे. पाऊस कमी झाला तर धरण भरत नाही आणि त्या वर्षी नर-मादी कोरडेच राहतात. तेव्हा आभाळाकडे बघून निघू नका. 'बोरी ओव्हरफ्लो' ही बातमी आली का ते बघा, नाहीतर नळदुर्गात कुणी ओळखीचं असेल तर फोन करा.

आता मुख्य मुद्दा. हा धबधबा डोंगरकड्यावरून पडत नाही, तो माणसांनी बांधलेल्या बंधाऱ्यावरून पडतो. मुख्य किल्ला एका अंगाला, रणमंडळ दुसऱ्या अंगाला, मधून बोरी नदी, आणि दोन्ही किल्ल्यांना जोडणारा हा दगडी बंधारा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली तो पुरा झाला. त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. म्हणजे डोक्यावरून आणि दोन्ही बाजूंनी नदी वाहतेय आणि तुम्ही मधल्या खोलीत कोरडे उभे! चारशे वर्षं झाली, कितीतरी पूर आले आणि गेले, तरी तो महाल तसाच उभा आहे. हे ज्यांनी केलं त्यांनी नदीला कुठे अडवलं, कुठे वाट दिली, हे बघायचं असेल तर किल्ला पायी फिरावा लागतो.

माझी वाट अशी: हुलमुख दरवाजातून आत शिरल्यावर लगेच पाण्याकडे धावत नाही. आधी सरळ उपल्या बुरुजाकडे जाते. पायऱ्या उंच आहेत, दम लागतो, पण वर पोचलं की सगळा नकाशा पायाखाली दिसतो. एकीकडे बंधाऱ्यामागचं भरलेलं पाणी, दुसरीकडे बंधाऱ्याखाली खोल गेलेलं पात्र, पलीकडे रणमंडळ. तिथे ठेवलेल्या लांबलचक तोफाही बघा. मग खाली उतरून तटाच्या कडेकडेने नऊ पाकळ्यांच्या नव बुरुजाकडे जायचं आणि तिथून वळून शेवटी बंधाऱ्यावर यायचं. पाणीमहाल सगळ्यात शेवटी. सगळं निवांत केलं तर तीन-चार तास लागतात. उलट्या क्रमाने गेलात तर पाणीमहालानंतर चालायचा उत्साहच उरत नाही, हे माझ्या सोबत आलेल्या बऱ्याच जणांचं बघितलंय.

पाणीमहालात सज्जाजवळ जागा मिळाली तर फोन खिशात ठेवा आणि थोडा वेळ नुसतं बघा. पाण्याचा पडदा लांबून पांढरा दिसतो. जवळून बघितलं तर तो गढूळ, चहाच्या रंगाचा असतो आणि त्यात सुटी सुटी दोरखंडं दिसतात. मधेच एखादी फांदी वरून येते, क्षणभर पडद्यात अडकल्यासारखी दिसते आणि जाते. भिंतीला तळहात लावला की दगड थरथरतो ते हाताला कळतं.

गिरणीचाभोंगा (सोलापूर):
ताई, उत्तम लिहिलंय. पाण्याच्या वेळेचं तर फारच उपयोगी. आमच्या घरी पाहुणे आले की जुलैतच 'चला नळदुर्गला' सुरू होतं आणि कोरडा बंधारा बघून यायचं.

एक प्रश्न आहे. आईचं वय सत्तरच्या पुढे आहे, गुडघे दुखतात. पण तिला पाणीमहाल बघायचाय. लग्नानंतर वडिलांसोबत गेली होती म्हणते, त्यानंतर पुन्हा योग आला नाही. जमेल का?

माळरान:
काका, बंधाऱ्याच्या माथ्यापर्यंत त्यांना नेता येईल. दरवाजापासून तिथवर चढ फारसा नाही, सावकाश बसत-उठत गेलं तर होतं. पाणीमहालात उतरायचा जिना मात्र अरुंद आहे, पायऱ्या उंच आणि अंधारलेल्या, पाणी वाहत असताना ओल्याही असतात. गुडघेदुखी असेल तर खाली नेऊ नका असंच मी सांगेन. आवाज वरूनही ऐकू येतो, तुषार वाऱ्याने वर येतात. एखादी सतरंजी न्या, त्यांना जरा आतल्या बाजूला, कडेपासून लांब बसवा. आणि शनिवार-रविवार नकोच. मधल्या वारी गेलात तर त्यांना घाई होणार नाही.

नळदुर्गी (नळदुर्ग):
मी गावातलाच. ताईंनी सांगितलेली पाण्याची गोष्ट बरोबर हाय. धरण भरलं की आम्हाला गावात आधी कळतं, सोलापूरवाल्यांना दुसऱ्या दिवशीच्या पेपरात.

दोन गोष्टी माझ्याकडून. एक, पाण्याचा जोर जास्त असला की पाणीमहालात सोडत नाहीत. तिथं हुज्जत घालू नका. वरच्या धरणाचं पाणी कधी किती वाढेल हे बंधाऱ्यावर उभं राहून कळत नाही. सोलापूरला, अक्कलकोटला ऑक्टोबर २०२० च्या पुरात काय झालं ते आठवा. परतीचा पाऊस एका रात्रीत नदीचं रूप बदलतो.

दुसरी, बंधाऱ्याच्या खाली, जिथं पाणी पडतं त्या डोहाकडं उतरू नका. पोरं खालून फोटो चांगला येतो म्हणून जातात. दगडावर शेवाळ असतं, पाय गेला की धरायला काही नाही. खालून फोटोच पाहिजे असेल तर लांबून, समोरच्या काठावरून काढा. तिथनं दोन्ही धारा एका चौकटीत येतात की.

परदेशीपाखरू (पुणे, मूळ सोलापूर):
वाचून इथे बसल्या बसल्या घरची आठवण आली. पण एक वेगळं मत मांडते. सोलापूरपासून खरा धबधबा बघायचा असेल तर गोकाकला जावं. घटप्रभा नदी तिथे ५२ मीटरवरून कोसळते, नालेच्या आकाराचा प्रचंड कडा, वर झुलता पूल. नळदुर्ग त्यापुढे फारच लहान आहे. एवढा लांब धागा नळदुर्गवर कशाला?

माळरान:
गोकाक मीही पाहिलाय, मला अतिशय आवडतो आणि तिथे जरूर जावं. पण ही तुलना मला पटत नाही. गोकाकला घटप्रभेने स्वतःच कडा शोधलाय. आपण फक्त बघायला जातो. नळदुर्गला माणसाने नदीला सांगितलंय की तू इथून पड, आणि नदीने चारशे वर्षं ते ऐकलंय. गोकाकला बघताना मी निसर्गाने थक्क होते. नळदुर्गला मला त्या बिननावाच्या गवंड्यांचा अभिमान वाटतो.

शिवाय अंतर बघा. गोकाक म्हणजे विजापूरमार्गे पूर्ण दिवसाचा प्रवास आणि मुक्काम. नळदुर्ग आपल्या दारात आहे, पन्नास किलोमीटरच्या आत. शाळेच्या पोरांना एका दिवसात नेऊन आणता येतं. आपल्या कोरड्या जिल्ह्यातल्या पोरांनी पाणी पडताना बघावं, आणि ते अडवायचं शास्त्रही बघावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

परदेशीपाखरू:
हे पटलं. लहान म्हटलं ते मागे घेते. दिवाळीला येईन तेव्हा पाणी असेल का?

माळरान:
यंदा धरण कधी भरतं त्यावर आहे. सप्टेंबरच्या शेवटी भरलं तर दिवाळीपर्यंत निदान धार तरी टिकते. कोरडं असलं तरी या. पाणी नसताना बंधाऱ्याची बांधणी उलट नीट दिसते.

शिलालेखवाचक (सोलापूर):
इतिहासाची थोडी भर घालतो. पाणीमहालात फार्सी शिलालेख आहे, तो बघितल्याशिवाय वर येऊ नका. हिजरी १०२२, म्हणजे आपलं १६१३. हा बंधारा बघून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंचे डोळे दिपून आंधळे होतील, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. बांधणाऱ्याचं नाव मीर महंमद ईमादीन असं सांगितलं जातं. म्हणजे माळरान ताई, सगळेच गवंडी बिननावाचे नाहीत. मुख्य कारागिराचं नाव तरी आपल्याकडे आहे, आणि ते पोरांना सांगायला हवं.

बंधारा फक्त हौसेसाठी नव्हता. हा किल्ला बेसॉल्टच्या टेकाडावर आहे. तीन अंगांनी नदीचं खोरं आणि उभे कडे, जमिनीकडून एकच बाजू मोकळी, तिथे खंदक. असा किल्ला शत्रूला घ्यायला अवघड, पण वेढा पडला की आतल्या शिबंदीचं पाण्यावाचून मरण. बंधाऱ्याने एका दगडात तीन कामं झाली: वेढ्यात पाण्याची ददात राहिली नाही, भरलेल्या पाण्याने त्या बाजूचा तट राखला, आणि रणमंडळाकडे जायला वाट झाली. महाल त्यानंतरची चैन. ज्यांना ही गोष्ट कळते त्यांना पाणीमहालातल्या खिडकीपेक्षा बंधाऱ्याचा माथा जास्त आवडतो. माझंही तसंच आहे.

आणखी एक माणूस इथे राहून गेला, इंग्रज अधिकारी मेडोज टेलर. निझामाने १८५३ मध्ये नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा कारभारी म्हणून तो नळदुर्गला होता, १८५७ पर्यंत. आत्मचरित्रात त्याने या किल्ल्याचं आणि बंधाऱ्याचं भरभरून वर्णन केलंय. त्या काळी नळदुर्ग हे जिल्ह्याचं ठाणं होतं. आज तुळजापूर तालुक्यातलं एक गाव म्हणून आपण हायवेवरून सरळ पुढे जातो.

नळदुर्गी:
साहेब, हे 'एक गाव' वाचून वाईट वाटलं, पण खरं हाय. हायवेवरचा माणूस उमरग्याला जाताना आमच्याकडं बघतसुद्धा नाही.

शिलालेखवाचक:
दादा, म्हणूनच लिहिलं. तुमच्या गावाबद्दल कमीपणाने नाही, आमच्या सोलापूरकरांच्या सवयीबद्दल.

चटणीभाकर (अक्कलकोट):
आम्ही बोरीच्या खालच्या अंगाचे लोक. नर-मादीवरून पडलेलं पाणी आमच्याकडे कुरनूर धरणात येतं, मग पुढे भीमेला. त्यामुळे नळदुर्गला धबधबा सुरू झाला म्हटलं की तुम्हाला सहल आठवते, आम्हाला रब्बी. ज्वारीला, हरभऱ्याला ओल मिळणार का, विहिरींना पाणी वाढणार का, हे तिथून कळतं. माझे आजोबा नळदुर्गकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी हेच विचारायचे, 'नर-मादी चालू झाले काय?' हाल-हवाल नंतर.

धागा वाचताना एवढंच वाटलं की फिरायला जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. ते पाणी कुणाच्या तरी शेतात जायला निघालंय. त्यात प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या टाकल्या तर त्या आमच्याकडे येतात. मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या बंधाऱ्याच्या जाळीत अडकलेला कचरा आम्ही चौघांनी मिळून काढला. थर्माकोलच्या प्लेटा सगळ्यात जास्त होत्या.

माळरान:
अण्णा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. धबधब्याच्या फोटोखाली कुणी कधी खालच्या गावाचं लिहीत नाही. यापुढे आमच्या ग्रुपला सांगताना मी ही गोष्ट आधी सांगणार.

गिरणीचाभोंगा:
कचऱ्यावरून एक स्पष्ट बोलतो. अशा जागांची जाहिरातच करू नये असं माझं मत होत चाललंय. येडशीच्या रामलिंगला पूर्वी किती शांत होतं. मंदिर, माकडं, झाडी आणि पावसाळ्यात वरून पडणारी धार. आता सुट्टीच्या दिवशी गाडी लावायला जागा नाही. नळदुर्गचंही तेच. आपण धागे लिहायचे आणि गर्दीने जागा खराब करायची, याला काय अर्थ?

माळरान:
काका, तुमची तगमग समजते, पण मला हे पटत नाही. गर्दी व्हिडिओ बघून येतेच, आपल्या धाग्याची वाट बघत नाही. फरक एवढाच पडतो की येणाऱ्याला काही माहीत असतं की नाही. ज्याला बंधारा कळला तो दगडावर नाव कोरत नाही, असं मी पाहिलंय. गेल्या वर्षी एका कुटुंबासोबत चालताना त्यांच्या नववीतल्या मुलाला सांडव्याच्या दगडांचे सांधे दाखवले. चुना घाण्यात मळून कसा वापरायचे, पाणी धडकतं तिथे दगड कसे एकमेकांत बसवलेत, हे सांगितलं. त्याने बोटाने सांधा शोधायचा प्रयत्न केला, नख आत जात नव्हतं. परतताना वाटेत पडलेल्या बाटल्या त्याने आपणहून उचलल्या, कुणी सांगितलं नव्हतं. माझा भरवसा त्या पोरावर आहे. जागा लपवून ती वाचत नाही, तिथे काय आहे ते सांगत राहावं लागतं.

गिरणीचाभोंगा:
बरं. मग दगडांचे सांधे बघायला तरी मी येतो. गिरणीत मशीनची जोडणी बघितलेली माणसं आम्ही, आम्हाला ते आवडेल.

पिशवीघेऊन (सोलापूर):
माझे प्रश्न साधे आहेत. गाडी नाही. एसटीने जमतं का? आत खायला मिळतं का? लहान मुलगी आहे, पाच वर्षांची.

नळदुर्गी:
अक्का, एसटीनं मजेत जमतं. सोलापूर स्टँडवरून उमरग्याकडं, हैदराबादकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या नळदुर्गला थांबतात. बोरामणी, इटकळ, अणदूर करत येतात. आमच्या स्टँडवरून किल्ला चालत जाण्याइतका जवळ हाय. परतीची शेवटची गाडी मात्र स्टँडवर उतरल्या उतरल्या विचारून घ्या.

पोरीला बंधाऱ्यावर हात धरूनच न्या. कठडा सगळीकडं सारख्या उंचीचा नाही. महालाच्या जिन्यात तिला पुढं नको, तुमच्या मागंही नको, कडेवर घ्या. अंधारात पोरं घाबरतात आणि मधेच बसतात, मग मागचे लोक ढकलतात.

माळरान:
खाण्याचं घरूनच न्या असं सांगेन. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. किंवा धपाटे, दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतात. पाणी भरपूर न्या, किल्ल्यात झाडं आहेत पण तटावर अजिबात सावली नाही, आणि सप्टेंबरचं ऊन पाऊस थांबला की भाजून काढतं. मुलीला टोपी घाला. पायात चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. आणि अंगावर जुने कपडे, कारण पाणीमहालाजवळ भिजायला होतंच.

पिशवीघेऊन:
खूप आभार दोघांचे. माझ्या सासूबाई म्हणतात, नळदुर्गला जायचं तर खंडोबाचं दर्शन घेतल्याशिवाय यायचं नाही. तेही त्याच दिवशी होईल का?

नळदुर्गी:
होईल की. मैलारपूरचं देऊळ गावाजवळच हाय. पण देव वर्षाचा बराच काळ अणदूरला असतो आणि थोडे दिवस नळदुर्गला. पौष पौर्णिमेच्या यात्रेला तो आमच्याकडं असतो. पावसाळ्यात येणार असाल तर अणदूर तुमच्या वाटेवरच हाय. जाताना तिथं उतरून दर्शन घ्या, मग पुढची गाडी पकडून किल्ल्याला या. सासूबाईंचंही समाधान.

शिलालेखवाचक:
एक विनंती आहे. रणमंडळाकडे कुणी जात नाही, वेळ असेल तर जा. बंधाऱ्याच्या माथ्यावरून पलीकडे. तिथून मागे वळून मुख्य किल्ल्याचा तट पाण्यावर उभा दिसतो, तेव्हा हा किल्ला जिंकायला किती कठीण होता ते समजतं. पाणी माथ्यावरून वाहत असेल तर अर्थातच पलीकडे जायचं नाही. तिथे पूर्वी काय होतं, कुठली वास्तू कशाची, हे सांगणारे फलक नीट लागायला हवेत. हे राज्य संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे पुरातत्त्व विभागाकडे सगळ्यांनी मिळून लेखी मागणी करूया. मी मसुदा तयार करतो. मराठी, उर्दू आणि कन्नड तिन्ही भाषांत फलक मागूया, कारण कलबुर्गी-आळंदहून येणारे लोकही पुष्कळ असतात.

चटणीभाकर:
त्या अर्जात खालच्या गावांतर्फे एक ओळ घाला: किल्ल्यात थर्माकोल आणि एकदा वापरायच्या प्लास्टिकला दारातच मनाई. सह्या मी अक्कलकोट तालुक्यातून गोळा करतो, पन्नास तर सहज होतील.

नळदुर्गी:
गावातल्या सह्या माझ्याकडं. पोरांचं मंडळ हाय आमचं, दर अमावस्येनंतरच्या रविवारी तट साफ करतो. तुमच्यापैकी कुणी आलं तर झाडूची सोय आमच्याकडं हाय, हातमोजे आपापले आणा.

माळरान:
शिलालेखवाचक, मसुदा इथेच टाका, म्हणजे सगळ्यांना बदल सुचवता येतील.

दरम्यान, यंदा बोरी भरल्याची खबर नळदुर्गी दादांनी इथे दिली की त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी मी निघणार. सकाळी साडेसहाला मार्केट यार्डासमोर, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी रिकाम्या जागा लिहून कळवा. काका, तुमच्या आईंसाठी माझ्या गाडीत पुढची सीट राखून ठेवतेय.

गिरणीचाभोंगा:
आईला सांगितलं. तिने आत्ताच विचारलंय, डब्यात काय न्यायचं.